लिमिट १० लिहिलं, पण कुठले १०?

आमच्याकडच्या एका दूध संस्थेत सकाळी सव्वासहाला, म्हणजे अगदी ऐन गर्दीत, काट्यावरचा कम्प्युटर गपकन थांबला. बाहेर कॅन घेऊन पन्नासेक लोकं उभी, फॅट मशीन चालू, काटा चालू, पण एन्ट्री होईना. कारण काय तर नवीन लागलेल्या पोराला शेवटची एन्ट्री बघायची होती म्हणून त्याने त्याच पीसीवर सिलेक्ट स्टार फ्रॉम संकलन, म्हणजे संकलन या टेबलमधल्या झाडून सगळ्या ओळी दे, असं टाकून एन्टर दाबलेलं. सहाशेच्या आसपास सभासद, दिवसातनं दोन वेळ दूध, वर्षाला चार लाखाच्या वर ओळी, आणि डेटा पाच वर्षांचा. म्हणजे वीस लाखाच्या पुढे ओळी चार जीबी रॅमच्या त्या बिचाऱ्या मशीनवर यायला निघाल्या. मायएसक्यूएल या डेटाबेसचे बरेचसे क्लायंट, म्हणजे त्यातला डेटा बघायचे प्रोग्रॅम, अख्खा रिझल्ट आधी मेमरीत भरून घेतात आणि मग दाखवतात, त्यामुळे स्क्रीनवर काही दिसायच्या आतच मशीन झोपलं.

पोराला हवी होती एक ओळ.

तेव्हा ओळी कमी कशा मागवायच्या ते सांगतो. नुसतं लिमिट (इतक्याच ओळी दे असं सांगणारा शब्द) लिहा म्हणून सांगायचं तर दोन मिनिटांचं काम आहे, खरी गंमत पुढे आहे, कारण १० ओळी मागितल्या की डेटाबेस १० देतो पण कुठल्या १० ते तुम्ही सांगितलं नसेल तर तो त्याच्या सोयीने देतो आणि ते लक्षातही येत नाही. उदाहरणं सगळी त्या दूध संकलनाच्याच टेबलवर घेतो. त्यात आयडी, सभासद_क्र, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असे कॉलम आहेत असं समजा. कमांड इथे उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थात इंग्रजीत करायच्या.

आधी साधं लिहायचं कसं

मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट या सगळ्या डेटाबेसांत एकच:

सिलेक्ट आयडी, सभासद_क्र, लिटर, फॅट
फ्रॉम संकलन
ऑर्डर बाय वेळ डेस्क, आयडी डेस्क
लिमिट १०;

ऑर्डर बाय म्हणजे ओळी कशाप्रमाणे लावायच्या ते, आणि डेस्क म्हणजे उतरत्या क्रमाने. लिमिट सगळ्यात शेवटी येतं. व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, ऑर्डर बाय सगळं झालं की मग. आणि लिहिण्याची जागा शेवटची आहे तशी त्याची पाळीही शेवटचीच असते, म्हणजे गाळून, गट करून, लावून झालं की मग वरच्या १० उचलायच्या. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निम्मे घोळ होतच नाहीत.

मायएसक्यूएलमध्ये अजून एक जुनी पद्धत चालते, लिमिट २०, १० अशी स्वल्पविराम देऊन. इथे भलेभले फसतात कारण पहिला आकडा सोडायच्या ओळींचा आणि दुसरा घ्यायच्या ओळींचा, म्हणजे २० सोड आणि पुढच्या १० दे. तेच लिमिट १० ऑफसेट २० असं लिहिलं तर आकड्यांची जागा उलटी होते पण अर्थ तोच. मी स्वल्पविरामवालं वापरायचं कधीच सोडलं, एक तर दर वेळी डोकं खाजवावं लागतं आणि दुसरं म्हणजे पोस्टग्रेस ते घेतच नाही, सरळ एरर देतं.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिमिट हा शब्दच नाही. तिथे टॉप, आणि तो सिलेक्टच्या लगेच पुढे:

सिलेक्ट टॉप (१०) आयडी, सभासद_क्र, लिटर, फॅट
फ्रॉम संकलन
ऑर्डर बाय वेळ डेस्क, आयडी डेस्क;

कंस सिलेक्टमध्ये नाही दिला तरी चालतं पण डिलीट आणि अपडेटमध्ये द्यावाच लागतो, म्हणून सवय कंसाचीच लावून घ्या. मधल्या ओळी पाहिजेत तर २०१२ च्या व्हर्जनपासून ऑफसेट २० रोज फेच नेक्स्ट १० रोज ओन्ली असं लिहिता येतं, आणि मला आवडतं ते हे की तिथे ऑर्डर बाय नसेल तर क्वेरी चालतच नाही. असं सगळ्यांनी केलं असतं तर बरं झालं असतं.

फेच फर्स्ट हे प्रकरण एसक्यूएलच्या स्टँडर्डमध्ये २००८ साली आलं. लिमिट स्टँडर्डमध्ये नाही, पण वापरतात बहुतेक जण तेच. पोस्टग्रेसला दोन्ही चालतात, ओरॅकलला १२सी पासून फेच फर्स्ट १० रोज ओन्ली चालतं. १२सी च्या आधीचं ओरॅकल म्हणजे रोनम, ओळीला पडणारा नंबर, आणि त्याबद्दल दोन शब्द जास्त बोलावे लागतील कारण अजून कितीतरी ठिकाणी जुना कोड तसाच चालू आहे.

रोनमचा चकवा

लोकं काय लिहितात बघा:

सिलेक्ट * फ्रॉम संकलन
व्हेअर रोनम <= ३
ऑर्डर बाय फॅट डेस्क;

वाचताना वाटतं सगळ्यात जास्त फॅटच्या तीन एन्ट्री येतील. येत नाहीत. रोनमचा नंबर पडतो ओळ हाताला लागली की लगेच, लावायच्या आधी. म्हणजे ज्या तीन ओळी पहिल्यांदा सापडल्या त्या घेतल्या आणि मग त्या तिघींनाच फॅटप्रमाणे उभं केलं. रिझल्ट दिसायला अगदी बरोबर, वरून खाली उतरता क्रम, तीन ओळी, कुणाला शंका येणार? बरोबर करायचं तर आधी आतल्या क्वेरीत ऑर्डर बाय करून घ्यायचं आणि बाहेर रोनम लावायचा:

सिलेक्ट * फ्रॉम
(सिलेक्ट * फ्रॉम संकलन ऑर्डर बाय फॅट डेस्क)
व्हेअर रोनम <= ३;

दुसरी मजा म्हणजे व्हेअर रोनम > ३ लिहिलं तर एकही ओळ येत नाही, कधीच. कारण टोकनसारखं आहे हे. दारात आलेल्या पहिल्या माणसाला टोकन १ मिळालं, पण आपल्याला ३ च्या पुढचे पाहिजेत म्हणून त्याला परत पाठवलं, आता दुसरा आला तर त्यालाही टोकन १ च मिळणार कारण आत कुणी गेलेलंच नाही, तोही परत, तिसराही परत. संध्याकाळपर्यंत रांग संपते पण आत कुणी जात नाही.

ऑर्डर बाय नसेल तर

टेबलमध्ये ओळींना क्रम नसतो. हे वाक्य प्रत्येक क्लासमध्ये सांगतात आणि प्रत्येक जण विसरतो, कारण छोट्या टेबलवर ऑर्डर बाय न देता लिमिट १० मारलं तर बहुतेक वेळा टाकलेल्या क्रमानेच ओळी येतात आणि आपल्याला वाटतं हे असंच असतं. मग एक दिवस कुणीतरी नवीन इंडेक्स (पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी, ओळी पटकन शोधायची यादी) टाकतं, किंवा पोस्टग्रेसमध्ये जुन्या ओळी अपडेट होऊन त्यांची जागा बदलते, किंवा टेबल मोठं झाल्यावर डेटाबेस वेगळ्या वाटेने वाचायला लागतो, आणि तीच क्वेरी वेगळ्या १० देते. कोडमध्ये कुणी काही बदललेलं नसतं त्यामुळे शोधताना पार वैताग येतो.

नुसता नमुना बघायचाय, कॉलम कसे दिसतात एवढंच पाहिजे, तर ऑर्डर बाय नको, बिनधास्त लिमिट ५ मारा. कॉलमची नावंच फक्त पाहिजेत तर लिमिट ० सुद्धा चालतं. बाकी कुठेही रिझल्ट माणसाला दाखवायचा असेल तर ऑर्डर बाय पाहिजेच.

आणि ऑर्डर बाय दिलं म्हणजे झालं असंही नाही. याचा किस्सा सांगतो.

फॅटचं बक्षीस

एका संस्थेच्या वार्षिक सभेत चांगल्या फॅटचं बक्षीस द्यायचं ठरलं. मार्च महिन्याची सरासरी काढायची, एका दशांशापर्यंत, आणि पहिल्या तिघांना स्टीलचा कॅन. मी क्वेरी लिहिली ती अशी:

सिलेक्ट सभासद_क्र, राउंड(एव्हीजी(फॅट), १) अ‍ॅज सरासरी
फ्रॉम संकलन
व्हेअर वेळ >= '२०२४-०३-०१' अँड वेळ < '२०२४-०४-०१'
ग्रुप बाय सभासद_क्र
ऑर्डर बाय सरासरी डेस्क
लिमिट ३;

तीन नावं आली, बोर्डावर लागली. दुसऱ्या दिवशी एक काका स्लिपांचा गठ्ठा घेऊन हजर. त्यांची सरासरीही तिसऱ्या नंबरवाल्याएवढीच, ४.४. "माझं दूध काय पातळ होतं का रे?" म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. ४.६, ४.५ आणि मग ४.४ वाले दोघं. डेटाबेसला तीन म्हणून सांगितलेलं, त्याने दोघांपैकी एक उचलला, कुठला का असेना. मी तीच क्वेरी दुसऱ्या मशीनवर चालवली तर काकांचं नाव वर आणि आधीच्याचं गायब. सेक्रेटरी माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच कुणाकडून चहा पिऊन आलोय.

यावर दोन उपाय आणि कुठला घ्यायचा ते कम्प्युटरवाल्याने ठरवायचं नाही, संस्थेने ठरवायचं. पहिला म्हणजे बरोबरी फोडायचा नियम लावायचा, सरासरी सारखी असेल तर ज्याचं दूध जास्त तो वर, आणि तेही सारखंच निघालं तर सभासद क्रमांक:

ऑर्डर बाय सरासरी डेस्क, सम(लिटर) डेस्क, सभासद_क्र
लिमिट ३;

शेवटचा कॉलम असा पाहिजे की दोन ओळींत कधीच सारखा येणार नाही. तो असला की रिझल्ट दर वेळी तोच.

दुसरा उपाय म्हणजे बरोबरीवाले सगळे घ्यायचे. पोस्टग्रेस १३ पासून आणि ओरॅकल १२सी पासून शेवटी फेच फर्स्ट ३ रोज विथ टाइज लिहिता येतं, मारियाडीबीत १०.६ पासून, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिलेक्ट टॉप (३) विथ टाइज. तिसऱ्याशी बरोबरी करणारे सगळे येतात, मग ओळी चार येवोत नाहीतर सात. मायएसक्यूएलमध्ये विथ टाइज नाही. तिथे ८.० पासून विंडो फंक्शन (प्रत्येक ओळीला बाकीच्या ओळींच्या तुलनेत क्रम वगैरे देणारी) आहेत, त्यातनं रँक वापरायचा:

सिलेक्ट * फ्रॉम (
सिलेक्ट सभासद_क्र, सरासरी, रँक() ओव्हर (ऑर्डर बाय सरासरी डेस्क) अ‍ॅज क्रम
फ्रॉम मार्च_सरासरी
) अ‍ॅज ट
व्हेअर क्रम <= ३;

मार्च_सरासरी म्हणजे वरचीच क्वेरी, लिमिट काढून, व्ह्यू म्हणून नाव देऊन साठवलेली. इथे रँक, डेन्स रँक आणि रो नंबर या तिघांत गल्लत होते. ४.६, ४.५, ४.५, ४.४ अशी सरासरी असेल तर रँक देतो १, २, २, ४. डेन्स रँक देतो १, २, २, ३. रो नंबर देतो १, २, ३, ४ आणि दोन ४.५ पैकी कोण दुसरा ते पुन्हा त्याच्या मर्जीवर. म्हणजे रँकने तीन कॅन जातात आणि डेन्स रँकने चार, आधी तिजोरीवाल्याला विचारा.

जाता जाता, जुन्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवर अजून काही छोट्या संस्थांचं काम चालतं, तिथे टॉप ३ लिहिलं की बरोबरीवाले आपोआप येतात, न मागता. त्यामुळे अ‍ॅक्सेसवरून दुसरीकडे हलवलं की जुन्या रिपोर्टमध्ये पाच नावं आणि नव्यात तीन असं होतं आणि लोकं नव्या सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

संस्थेने शेवटी चार कॅन दिले.

लिमिट लावलं म्हणजे क्वेरी हलकी झाली का

नाही, नेहमी नाही. लिमिट आहे तुमच्याकडे किती ओळी येणार त्याच्यावर, आत किती वाचाव्या लागणार त्याच्यावर नाही. वरच्या बक्षिसाच्या क्वेरीत तीनच ओळी बाहेर आल्या, पण त्यासाठी अख्ख्या मार्चच्या एन्ट्री वाचून सहाशे जणांची सरासरी काढावीच लागली, वरचे तीन कोण ते त्याशिवाय कळणार कसं.

ऑर्डर बाय वेळ डेस्क लिमिट १० मध्ये मात्र फरक पडतो. वेळ आणि आयडी या जोडीवर इंडेक्स असेल तर डेटाबेस इंडेक्सच्या टोकाला जातो, १० उचलतो आणि थांबतो, टेबलमध्ये वीस लाख असोत की दोन कोटी. इंडेक्स नसेल तर सगळ्या ओळी वाचायच्या, फक्त हुशारी एवढी की वाचता वाचता वरच्या १० तेवढ्या हातात धरायच्या आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. पोस्टग्रेसमध्ये एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ केलं, म्हणजे क्वेरी आत कशी चालली ते विचारलं, की तिथे टॉप एन हीपसॉर्ट असं लिहिलेलं दिसतं ते हेच. सॉर्टिंगचा खर्च वाचला, ओळी वाचण्याचा नाही.

अजून एक, व्हेअर फॅट > १५ लिमिट १ असं लिहिलं तर वाटतं एकच ओळ तर शोधायचीय. पण तशी ओळ नसेलच आणि फॅटवर इंडेक्सही नसेल तर शेवटच्या ओळीपर्यंत जाऊनच डेटाबेसला ते कळणार.

आणि जे लोकं गूगलच्या बिगक्वेरीवर काम करतात त्यांच्यासाठी हे खिशाशी संबंधित आहे. तिथे बिल किती डेटा स्कॅन झाला त्यावर लागतं आणि साध्या टेबलवर लिमिट १० लावल्याने स्कॅन कमी होत नाही. तिथे सिलेक्ट स्टार ऐवजी पाहिजे ते दोन कॉलम घेतले तर बिल खरंच उतरतं.

पानं पाडायची असतील तर

सभासदाला मोबाइलवर त्याच्या एन्ट्री दाखवायच्या, एका पानावर २०. सगळे करतात ते म्हणजे लिमिट २० ऑफसेट ०, मग ऑफसेट २०, मग ऑफसेट ४०. पहिल्या चार पाच पानांना काही त्रास नाही. पण संस्थेची अख्खी यादी दाखवताना कुणी पाच हजाराव्या पानावर गेलं तर ऑफसेट ९९९८० होतो, आणि डेटाबेस काही उडी मारून तिथे जात नाही. तो एक लाख ओळी एक एक करून मोजतो, ९९,९८० टाकून देतो आणि शेवटच्या २० तुम्हाला देतो. पोथी पहिल्या पानापासून उलटत जायची तसं.

वेगाचं एकवेळ चालवून घेता येईल, पण दुसरा घोळ वाईट. सकाळी संकलन चालू असताना तुम्ही पहिलं पान बघताय, नवीन एन्ट्री वर येतायत. तुम्ही दुसऱ्या पानावर जाईपर्यंत सात नवीन आल्या की पहिल्या पानावरच्या शेवटच्या सात ओळी ढकलल्या जाऊन दुसऱ्या पानावर परत दिसतात. कुणी एन्ट्री रद्द केली तर उलट होतं, एक ओळ दोन पानांच्या मधे गळून जाते आणि कुठेच दिसत नाही. सभासदाचा फोन येतो की माझी परवाची संध्याकाळची एन्ट्री कुठाय, आणि डेटाबेसमध्ये ती व्यवस्थित असते.

म्हणून पानाचा नंबर लक्षात ठेवण्यापेक्षा शेवटची ओळ लक्षात ठेवा. आधीच्या पानावरची शेवटची एन्ट्री सकाळी ६:४२ ची आणि आयडी ८१५५ असेल तर पुढचं पान असं मागा:

सिलेक्ट आयडी, वेळ, लिटर, फॅट
फ्रॉम संकलन
व्हेअर (वेळ, आयडी) < ('२०२४-०३-१२ ०६:४२', ८१५५)
ऑर्डर बाय वेळ डेस्क, आयडी डेस्क
लिमिट २०;

याला कीसेट पेजिनेशन म्हणतात. वेळ आणि आयडीचा जोडीचा इंडेक्स असला की पहिलं पान आणि पाच हजारावं पान सारख्याच वेगाने येतं, आणि वर कितीही नवीन ओळी आल्या तरी पुन्हा तीच ओळ दिसत नाही. आयडी सोबत का घ्यायचा? एकाच मिनिटात दोन काट्यांवर दोन एन्ट्री होतात म्हणून, बक्षिसाचंच प्रकरण. पोस्टग्रेसला ही जोडीची तुलना झकास जमते. एसक्यूएल सर्व्हरला ती कळत नाही, आणि मायएसक्यूएलला कळते पण इंडेक्स नीट वापरेलच याचा भरवसा नाही, तिथे फोडून लिहा:

व्हेअर वेळ <= '२०२४-०३-१२ ०६:४२'
अँड (वेळ < '२०२४-०३-१२ ०६:४२' ऑर आयडी < ८१५५)

यात तोटा एकच, थेट ३७ व्या पानावर उडी मारता येत नाही, पुढे आणि मागे एवढंच. पण खरं सांगा, मोबाइलवर ३७ वं पान कोण मागतं? ज्या स्क्रीनवर क्लार्कला पान नंबर पाहिजेच असतो तिथे मी ऑफसेटच ठेवतो आणि तारखेचं फिल्टर सक्तीचं करतो, म्हणजे महिन्याच्या बाहेर जाताच येत नाही.

पुढचं पान आहे का हे कळायला दर वेळी सगळ्या ओळी मोजणारं काउंट स्टार मारू नका. २० दाखवायच्या असतील तर २१ मागा. एकविसावी आली तर पुढे बटण दाखवायचं, नाही आली तर नाही, आणि ती एकविसावी ओळ स्क्रीनवर दाखवायची नाही.

प्रत्येकाच्या शेवटच्या तीन

हे मागणं दर महिन्याला येतं. प्रत्येक सभासदाच्या शेवटच्या तीन एन्ट्री. लिमिट ३ लावलं तर सगळ्या संस्थेत मिळून तीन येतात, लिमिटला गट कळत नाही. रो नंबर घ्यायचा आणि त्याला गट सांगायचा:

सिलेक्ट * फ्रॉम (
सिलेक्ट सभासद_क्र, वेळ, लिटर, फॅट,
रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय सभासद_क्र ऑर्डर बाय वेळ डेस्क, आयडी डेस्क) अ‍ॅज क्र
फ्रॉम संकलन
) अ‍ॅज ट
व्हेअर क्र <= ३;

मायएसक्यूएल ५.७ वर अडकला असाल तर विंडो फंक्शन नाहीत, तिथे व्हेरिएबलची कसरत करावी लागते, त्यापेक्षा अपग्रेड करा. सभासद सहाशे आणि ओळी वीस लाख अशी स्थिती असेल तर पोस्टग्रेसमध्ये लॅटरल जॉइन किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्रॉस अप्लाय जास्त पळतं, कारण प्रत्येक सभासदामागे इंडेक्समधनं तीनच ओळी उचलल्या जातात.

याच्याच जवळचा घोटाळा जॉइनमध्ये. पहिले १० सभासद आणि त्यांच्या एन्ट्री पाहिजेत म्हणून दोन टेबल जोडून शेवटी लिमिट १० लावलं तर मिळतात १० एन्ट्री, बहुतेक एकाच सभासदाच्या. आधी आत सभासद टेबलवर ऑर्डर बाय आणि लिमिट १० करा, मग त्याला संकलन जोडा. ते आत करताना मायएसक्यूएलमध्ये इन च्या कंसातल्या क्वेरीत लिमिट लिहू नका, तिथे ते चालत नाही, फ्रॉममध्ये टेबलसारखं ठेवून जॉइन करा.

कोडमधनं लिमिट पाठवताना

पीएचपीवाल्यांचं एक नेहमीचं दुखणं. पीडीओमध्ये, म्हणजे पीएचपीतनं डेटाबेसशी बोलायच्या सोयीत, लिमिटच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून एक्झिक्यूटला अ‍ॅरे दिला की मायएसक्यूएल सिंटॅक्स एरर देतं, आणि क्वेरी तर बरोबर दिसते. कारण पीडीओ सगळं स्ट्रिंग समजून '१०' असं अवतरणात टाकतं आणि लिमिटला आकडा पाहिजे. बाइंडव्हॅल्यू वापरून पॅराम इंट सांगा, मिटतं. वैतागून आकडा सरळ स्ट्रिंगमध्ये जोडू नका, तिथनंच इंजेक्शन, म्हणजे बाहेरच्याने घातलेली कमांड, घुसतं.

यूआरएलमधनं लिमिट घेत असाल तर वरची मर्यादा सर्व्हरवर लावा, कुणी लिमिट दहा लाख पाठवलं तरी १०० च्या वर द्यायचं नाही. आणि जावामधलं सेट फेच साइझ म्हणजे लिमिट नव्हे हो, तो एका खेपेत किती ओळी आणायच्या त्याचा आकडा आहे, खेपा मारून शेवटी सगळ्याच येतात. लिमिटसाठी सेट मॅक्स रोज आहे, पण माझं मत विचाराल तर क्वेरीतच लिहा, डेटाबेसला आधी कळलं तर तो तशी वाट निवडतो.

डिलीट करतानाही

पाच वर्षांपूर्वीचा डेटा काढायचा म्हणून एकाच दणक्यात चार लाख ओळी डिलीट केल्या तर तेवढा वेळ लॉक बसतात आणि काटा पुन्हा थांबतो. मायएसक्यूएलमध्ये डिलीटला लिमिट लागतं:

डिलीट फ्रॉम संकलन
व्हेअर वेळ < '२०१९-०४-०१'
ऑर्डर बाय आयडी
लिमिट ५०००;

० ओळी उडाल्या असं येईपर्यंत हे परत परत चालवायचं, मधे थोडी उसंत देऊन, आणि अर्थात बॅकअप घेऊन. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डिलीट टॉप (५०००). पोस्टग्रेसमध्ये डिलीटला लिमिट नाही, तिथे आत आयडी सिलेक्ट करून लिमिट लावायचं आणि ते आयडी डिलीट करायचे.

मायएसक्यूएलच्या कमांड लाइनला सेफ अपडेट्स नावाचा ऑप्शन आहे, तो लावला तर की (इंडेक्स असलेल्या) कॉलमवरचं व्हेअर किंवा लिमिट नसलेलं अपडेट किंवा डिलीट चालतच नाही आणि सिलेक्टला आपोआप १००० चं लिमिट बसतं. या ऑप्शनचं दुसरं अधिकृत नाव आहे आय अ‍ॅम अ डमी. त्या पोराच्या मशीनवर मी तो लावून दिला. माझ्याही मशीनवर आहे.

न सांगता लागलेलं लिमिट

हे तपासायचं राहू नये म्हणून सांगतो. मायएसक्यूएल वर्कबेंच हे डेटा बघायचं सॉफ्टवेअर तुमच्या सिलेक्टला न विचारता लिमिट १००० लावतं. वरच्या टूलबारमध्ये ड्रॉपडाउन असतो, पण तिकडे बघतं कोण. डीबीव्हर सुरुवातीला २०० ओळी आणतं, पीएचपीमायअ‍ॅडमिन २५ चं पान पाडतं. बघण्यासाठी हे चांगलंच आहे. एक्सेल काढताना मात्र गळ्याशी येतं.

मार्चअखेरला ऑडिटरने महिन्याच्या एन्ट्री मागितल्या, क्लार्कने वर्कबेंचमधनं काढून मेल करून टाकल्या. संध्याकाळी ऑडिटरचा फोन, की लिटरची बेरीज रजिस्टरशी लागत नाही, एवढं दूध गेलं कुठे? दोन तास आम्ही बिलं, टँकरच्या पावत्या, रद्द एन्ट्री सगळं तपासलं. मग मी त्या एक्सेलच्या तळाशी गेलो. हेडिंग धरून १००१ ओळी. सहाशे सभासद, दोन वेळ, आणि महिनाभरात बरोब्बर हजार एन्ट्री? फाइलमध्ये तारीख १ ची सकाळ आली होती, आणि त्याच संध्याकाळी रांग संपायच्या आतच दूध संपलं होतं. ड्रॉपडाउनमधनं डोन्ट लिमिट निवडलं, परत चालवलं, चौतीस हजार काहीतरी ओळी आल्या आणि बेरीज लागली.